गाडीचा माग

ट्रक थेट अंगणात घुसला तेव्हा सोपान म्हशीची धार काढत होता. बादली लवंडली, म्हैस दावं तोडून उधळली आणि केबिनमधून तिशीचा एक गडी उडी मारून खाली आला. अंगात निळा गणवेश, खिशावर नावाची पट्टी: सुयोग. कॉलर रक्ताने भिजली होती.

“आबा, मला वाचवा! माझ्या मागं लागलेत ते!”

“कोन लागलंय?”

“दरोडेखोर. गाडीत अणुवीज केंद्राचं इंधन हाय. एकदा वापरलेलं, परत शुद्ध केलेलं. दक्षिणेकडं पोचवायचंय. वाटंत उसाची ट्रॉली आडवी घातली आन् माझ्यावर धावून आले.”

इंधन म्हटल्यावर सोपानला फार कळलं नाही, पण अणू म्हटल्यावर कळलं.

कळस गावाजवळच्या या माळवस्तीत सोपान ग्रामसुरक्षा दलाचा प्रमुख होता. गेल्या साली आकाशात ड्रोन फिरायला लागले, चोरच टेहळणी करतायत म्हणून लोकांची पाचावर धारण बसली आणि वस्तीने हे पद त्याच्या गळ्यात घातलं. पदाबरोबर एक शिट्टीही. ती तो अंघोळीलासुद्धा काढत नसे. चोर मात्र अजून एकही सापडला नव्हता आणि पारावरची माणसं त्यावरून त्याला सुखाने जगू देत नव्हती.

सारजा, त्याची बायको, ओलं फडकं घेऊन धावली. तिने सुयोगचं तोंड पुसलं. कपाळावर बोटभर ओरखडा निघाला.

“एवढ्याशा जखमंतनं एवढं रगत?” ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, “डोक्याचं रगत लई वाहतं बाबा.”

“ते आले आन् इंधनाची पेटी फुटली तर काय व्हईल?” सोपानने विचारलं.

“विहिरी, कॅनॉल, सगळं बाद. इथलं पाणी जनावरसुद्धा पिनार न्हाय.”

सोपानची नात राजनंदिनी नुकतीच दप्तर घेऊन शाळेत गेली होती. शाळा चार शेतं सोडून पलीकडे. तिथली पोरं वस्तीच्याच विहिरीचं पाणी प्यायची.

“पोलिसांना कळवलं का?”

“निघालेत. पर त्याआधी हे दरोडेखोर पोचतील. त्यांनी गाडीखाली ट्रॅकर बसवलाय, आबा. जाईन तितं माग काढत्यात.”

सोपान पहार घेऊन ट्रकखाली शिरला. आडव्या पट्टीला चिकटवलेली काळी डबी दिसली. त्याने ती उपसून काढली, जात्याच्या दगडावर ठेवली आणि तिचा चुरा होईपर्यंत पहार चालवली. त्याला बरं वाटलं.

मग त्याने ग्रामसुरक्षेच्या नंबरावर फोन लावला. या नंबरावर एकजण बोलला की वस्तीतल्या प्रत्येकाचा फोन वाजतो आणि तेच बोलणं ऐकू येतं. “दरोडा पडलाय. सोपानच्या अंगनात या. हाताला लागंल ते घिऊन या!” वर शिट्टीही फुंकली.

वस्ती धावत आली. ऊस तोडणारे कोयत्यांसकट आले.

तेवढ्यात पांढरी जीप धुरळा उडवत आली. नंबरप्लेट होती, बाकी कसलीही खूण नाही. साध्या कपड्यांतले दोघे उतरले. पुढच्याच्या हातात पिस्तूल.

“गाडीपासून लांब व्हा! आम्ही सरकारी माणसं आहोत!”

“चोर काय येगळं सांगनार?” सोपान ओरडला.

त्या माणसाने खिशातून ओळखपत्र काढून पुढे धरलं. सोपानने ते एका फटक्यात शेणात उडवलं. मागे असंच ओळखपत्र दाखवून एकाने सारजाची बोरमाळ नेली होती. सोपानने एकदा हात पोळून घेतला होता.

माणसाने हवेत एक बार काढला. दुसरा काढायला सोपानने त्याला वेळ दिला नाही. पहार मनगटावर बसली, हाड मोडल्याचा आवाज झाला, मग खांद्यावर, मग डोक्यात. “अहो, ऐका तरी...” एवढंच तो म्हणू शकला. त्याच्या साथीदाराला चौघांनी जीपच्या दारात चिरडलं, खाली ओढलं आणि लाथांनी तुडवलं. एक कोयता त्याच्या मांडीत रुतला तेव्हा तो कोकरासारखा ओरडला आणि बेशुद्ध पडला. कुणीच थांबत नव्हतं. सारजाने सोपानला कमरेला मिठी मारून मागे ओढलं तेव्हा कुठे तो थांबला. पुढचा माणूस हलत नव्हता.

“आबा, मी निघू का?” सुयोग म्हणाला. “केंद्रावर गाडीची वाट बघत असतील. कॅनॉलच्या रस्त्यानं जातो, हायवेला यांची आनखी माणसं असतील.”

“एकटा कसा जाशील?” सोपानने दोन मोटारसायकली पुढे दिल्या, उसाच्या ट्रॉल्या बाजूला काढायला. सुयोग त्याच्या पाया पडला. ट्रक कॅनॉलच्या वळणावर दिसेनासा झाला. लोकांनी सोपानला खांद्यावर घेतलं. नको नको म्हणत तो चढला. एवढा मान त्याला जन्मात मिळाला नव्हता, आणि राजनंदिनीच्या शाळेची घंटा वाजलेली त्याने वरूनच ऐकली. डोळ्यांत पाणी आलं.

खाली उतरला तेव्हा मेलेल्या माणसाचा फोन वाजत होता. टोळीतलाच कुणीतरी असणार. पोलिसांना सांगता येईल म्हणून सोपानने फोन उचलला आणि न बोलता कानाला लावला.

पलीकडे एक बाई रडवेल्या घाईने बोलत होती.

“साहेब, कंट्रोल रूममधून बोलतेय. आपला ट्रॅकर बंद पडलाय, गाडी दिसेनाशी झालीय. आणि साहेब... गाडी अडवली तिथं मागे राहिलेल्या आपल्या पोरांना आपला ड्रायव्हर सापडला. सुयोग. उसात पडलाय, गळा चिरलाय.”