गाळलेलं पात्र

"आजी, चार पिढ्या आठ भागांत मावत नाहीत. यमूचं पात्र गाळावं लागेल," पटकथा लिहिणारी मृदुला अवघडून म्हणाली. "तिच्यावाचून कथा अडत नाही."

"घरातही कुणाचं अडलं नव्हतं," द्वारकाबाई म्हणाल्या. कादंबरी त्यांची होती आणि तिच्यातलं घराणंही त्यांचंच. त्यांच्या धाकट्या बहिणीला, यमूला, लग्नाआधी दिवस गेले, तेव्हा वडिलांनीच तिला विष घातलं आणि पटकीनं गेली म्हणून गावाला सांगितलं. तिचे फोटोही जाळले. यमू उरली ती फक्त पुस्तकात.

मृदुला निर्मात्यांशी भांडली, पण तिचं कुणी ऐकलं नाही.

मालिका सगळ्या घरानं एकत्र बसून पाहिली. "किती प्रेमळ माणसं होती आपली," नातसून डोळे पुसत म्हणाली.

"यमू कुठंय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

नातसुनेनं गोंधळून नवऱ्याकडे पाहिलं. "यमू कोण?"