नावावर केलेला कॅरम

अरविंदरावांचे दिवस झाले आणि कुंदाताईंनी घरातलं एकेक स्वतःच्या नावावर करून घ्यायचा सपाटा लावला. वीज झाली, गॅस झाला. राहिला तो ऑनलाइन दुकानातून टॅबवर उतरवून घेतलेला कॅरम. वर्षानुवर्षं अरविंदरावांबरोबर राहून तो खेळ त्यांचा हात शिकला होता, आवाजही. ते गेल्यावरही रोज दुपारी पडद्यावर डाव रंगे. राणी अगदी भोकाच्या तोंडाशी आली की त्यांचा नेम हमखास चुके आणि आवाज येई, "निसटली बघ. घे तू, कुंदे."

"आई, खेळाला कशाला हात लावता?" सून केतकी म्हणाली.

"गेलेल्या माणसाच्या नावावर काही ठेवू नये गं. उद्या दुकानाने खातंच बंद केलं म्हणजे?"

त्यांनी टॅबवर नाव बदलायला घेतलं तसं दुकानाने विचारलं, "खातेदार हयात नाहीत, हे नक्की?"

कुंदाताईंनी हे आजवर तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. "नक्की," त्या म्हणाल्या.

"आभारी आहोत. आपल्या नावाने नवी कोरी प्रत उतरत आहे. जुनी पुसली जाईल."

"चला, सुटले एकदाची," म्हणत त्यांनी डाव मांडला.

राणी तोंडाशी आली. समोरच्याने एका फटक्यात ती घेतली, पाठोपाठ कव्हरही.

कुंदाताईंचा हात पडद्यावरच थांबला. "अहो," त्या हळूच म्हणाल्या.

"नमस्कार," एक परका, गोड आवाज आला. "आपल्याला काय नावाने हाक मारू?"