टोप्यांची पेटी

टेबलावर अजून तीन काळ्या टोप्या उरल्या होत्या आणि ऊन निंबाच्या शेंड्यावर गेलं होतं. सेगुलाबाई स्वयंपाकघरात मलिद्याच्या पोह्यांत खोबरं कालवत होत्या, पण लक्ष सगळं बाहेर होतं.

आज त्यांच्या यजमानांना, रूबेन वकिलांना, जाऊन वर्ष झालं. त्यांच्यासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायची, तर दहा ज्यू पुरुष हवेत. नऊ असले तर ती म्हणताच येत नाही, मग ते नऊ कितीही भले असोत. धुळ्यात बेने इस्राएलांची घरं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच, त्यातली दोन इस्राएलला निघून गेलेली. वकिलांनी जन्मभर हाच उद्योग केला. कोणाकडे मयत झाली की भुसावळला तार जायची, चाळीसगावला माणूस जायचा, जळगावला ते स्वतः जायचे. कोर्टात तारखा पुढे ढकलत, पक्षकार कपाळाला हात लावत. पण कोणाचा बाप त्यांनी कद्दीशवाचून राहू दिला नाही. आता त्यांच्याच वेळी माणसं कमी पडली तर? या धास्तीने सेगुलाबाईंना दोन दिवस घास गिळवत नव्हता.

टोप्यांची पद्धतही वकिलांचीच. प्रार्थनेला आलेली माणसं एक, दोन, तीन अशी मोजू नयेत, असं त्यांच्यात पूर्वापार मानतात. वकिलांनी त्यावर तोड काढली होती. टेबलावर टोप्या मांडायच्या, येईल त्याने एक उचलून डोक्यावर घालायची. टेबल रिकामं झालं की सुरू करायचं. मांडण्याचं काम त्यांच्या कारकुनाचं, लोटनचं. पारोळ्याकडचा हा माणूस वीस वर्षं पेटीतून टोप्या काढत आणि परत भरत आला होता. वकिलांच्या दफनाला मुंबईहून इतके लोक लोटले की पेटीची गरजच पडली नाही. ती आज वर्षाने उघडली होती.

चाळीसगावच्या गाडीने दोघं उतरले. दोन टोप्या गेल्या. मग भुसावळचे गार्ड धापा टाकत आले आणि तिसरी त्यांनी उचलली. लोटनने आत येऊन सांगितलं, टेबल रिकामं झालं. सेगुलाबाईंनी तिथेच पाटावर बसून पदराने डोळे पुसले. झालं एकदाचं. कोणापुढे तोंड वेंगाडावं लागलं नाही.

तोंड वेंगाडायचं म्हणजे आरोनपुढे. आरोन हा वकिलांचा सख्खा धाकटा भाऊ, जळगावला जिनिंगमध्ये फिटर. गावाबाहेर बापाने घेतलेला मळा दोघांच्या नावावर होता. वकिलांनी तो दफनभूमीला देऊन टाकला, भावाला न विचारता. साऱ्या धुळ्याला कायदा सांगणारा माणूस घरातली एक सही घ्यायला विसरला. आरोन बरंच काही बोलला आणि गेला. सहा वर्षं त्याने उंबरा शिवला नाही. भाऊ त्याच मळ्यात पुरला गेला, तेव्हाही आला नाही. दहा माणसं जमत नाहीत म्हणून लोटनने परवा त्याचं नाव काढलं, तर सेगुलाबाईंनी त्याला गप्प बसवलं होतं.

आणि आता दारात तोच उभा होता. एस.टी.च्या धुळीने माखलेला, डोक्यावर टोपी नाही, म्हणून हाताचा पंजाच माथ्यावर ठेवलेला.

आतून प्रार्थनेचा सूर सुरू होत होता. सेगुलाबाई दाराशी आल्या. सहा वर्षं त्यांनी मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. आज तर त्याची गरजही नव्हती. जागा भरल्या, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं.

"वहिनी, मी आत येत नाही," आरोन म्हणाला. "इथूनच आमेन म्हणतो आणि जातो."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तेच बाहेर आलेले कान, तीच मान एका बाजूला कलती ठेवायची खोड. राग होता, खूप होता, पण त्या कानांपुढे तो टिकेना. त्या कपाटाकडे गेल्या. साड्यांखाली वर्षभर जपलेली वकिलांची स्वतःची टोपी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"बाहेरून नाही म्हणायचं, भावजी. ही घाला आणि आत उभे राहा."

आरोनने टोपी दोन्ही हातांनी घेतली. आत गेल्यावर, कद्दीश म्हणायला उभ्या राहिलेल्या सेगुलाबाईंच्या जावयाने आपणहून पुस्तक त्याच्या हाती दिलं. वकिलांना मुलगा नव्हता. कद्दीश भावाने म्हटलं. दोनदा त्याचा आवाज फुटला, दोन्ही वेळा बाकीच्यांनी आमेन म्हणून त्याला सावरून घेतलं. सेगुलाबाई दाराआडून ऐकत होत्या. वर्षात पहिल्यांदा त्यांना मोकळं वाटलं.

मग मलिदा वाटला. माणसं गाड्यांच्या वेळा बघू लागली, टोप्या टेबलावर परत आल्या. आरोन ओसरीवर ताटली घेऊन बसला होता, भावाची टोपी अजून डोक्यावरच होती. सेगुलाबाई टोप्या पेटीत भरू लागल्या. टोप्या मोजायला कसली हरकत? सात, आठ, नऊ. त्यांनी टेबलाखाली पाहिलं, खुर्च्या सरकवल्या, लोटनला हाक मारली आणि विचारलं, एक टोपी कोण घेऊन गेलं?

लोटनने पेटीत पाहिलं, मग ओसरीवर बसलेल्या आरोनकडे पाहिलं. त्याचा हात पेटीच्या झाकणावरच थांबला.

"कोणीच नही, अक्का," तो हळूच म्हणाला. "पेटीमा पहिलेपासून नऊच टोप्या शेतस. दहावी सायेबना डोकावर ऱ्हाये."