जुळे भाऊ

“ओढू नकोस त्याला. तो थांबला की तूही थांब.” कुत्र्याबद्दल हॉस्पिटलच्या खाटेवरून नवऱ्याने तिला बजावलं होतं. त्याचं आणि कुत्र्याचं हृदय एकाच दुखण्याने थकलेलं. “आम्ही जुळे भाऊ,” तो म्हणायचा. कुत्र्यावर नव्या गोळीचा अभ्यास चालू होता. दर महिन्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई त्याला सहा मिनिटं चालवून अंतर मोजत. गोळी लागू पडली तर पुढे माणसांनाही देऊन बघणार होते. “मला नाही तरी दुसऱ्या कुणाला मिळेल. शेवटच्या तपासणीला नेशील ना?” तिने शब्द दिला. नवरा गेला. तपासणी आज होती, आणि कुत्रा रिकाम्या खुर्चीपाशी हटून बसलेला. नवऱ्याच्या मुठीने गुळगुळीत झालेला पट्टा तिने पहिल्यांदाच हातात घेतला. “चला, भाऊजी.” तो उठला. कोपऱ्यावरच्या बाकापाशी, नवरा दम घ्यायचा तिथे, थांबला. एका माणसाची जागा सोडून तीही बाकावर बसली.