कर्नलांची जीप

कर्नल बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरले होते आणि फाटकाबाहेर मित्रांच्या जीपा घुरघुरत उभ्या होत्या. त्यांच्या जीप क्लबाची मोहीम निघायची होती. सगळ्यांत पुढे राहण्याचा मान कर्नलांचा, आणि त्यांचीच जीप ढिम्म होती.

कर्नल हे नुसतं नाव. नोकरी सगळी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात, टेबलामागे झाली. पण ही जुनी जीप घेतल्यापासून त्यांनी मिशा वाढवल्या होत्या आणि आवाजही. त्यांची बायको, सगळ्यांच्या काकू, पाने-पकडी घेऊन शेजारी उभ्या होत्या. इतकी वर्षं पाने हातात देऊन देऊन कुठला नट कुठे बसतो हे त्यांनाही पाठ झालं होतं.

एरवी जीप कुरकुर करत नसे. ती बंद पडायची फक्त काकूंनी ताईकडे जायचं नाव काढलं की. ताई त्यांची थोरली बहीण. तिचं घर डोंगरावर, वाट नुसती दगडधोंड्यांची. असली गाडीच तिथे चढणार. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ताईला खाली उतरता येत नव्हतं आणि काकूंचा जीव तिच्यासाठी तुटत होता. पण त्याच चढावर एकदा जीप रुतली होती आणि ताईच्या नवऱ्याने ती ट्रॅक्टरने ओढून काढली होती. साडूसमोर नाक कापलं गेलं ते गेलंच. तेव्हापासून ताईचा विषय निघाला की कर्नल किल्ली फिरवून दाखवायचे. जीप नुसती कण्हायची. "म्हातारी झाली बिचारी," म्हणून ते मान हलवायचे.

परवाही तसंच झालं. त्यानंतर कर्नलांचा शर्ट धुवायला घेताना काकूंना खिशात अंगठ्याएवढा काळा तुकडा लागला. रोटर. तो नसला की ठिणगी पडत नाही आणि गाडी चालू होत नाही. चोराने गाडी नेऊ नये म्हणून तो काढून खिशात ठेवायची युक्ती कर्नलांनीच येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवली होती. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुकडा त्यांनी बाजूला ठेवला. शर्ट धुतला आणि वाळत घातला.

आता मित्र सल्ले देत होते. कुणी कार्बोरेटरला दोष देत होतं, कुणी बॅटरीला. दुखणं कुठे आहे ते कर्नलांना पक्कं ठाऊक होतं. पण रोटर खिशात होता म्हणावं, तर परवा बायकोपुढे हलवलेल्या मानेचं काय? शेवटी त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"अगं, परवाचा शर्ट धुतलास का?"

"धुतला की. खिशात काही होतं का?"

कर्नलांनी घाम पुसला. "छे. काय असणार?"

मित्र थांबून थांबून कंटाळले. एकाने जाता जाता ट्रॅक्टर बोलवायचा सल्ला दिला, बाकीचे हसले, आणि सगळी धूळ कर्नलांच्या मिशांवर येऊन बसली.

काकू आत गेल्या. कपड्यांची पिशवी घेऊन आल्या आणि जीपमध्ये पुढे बसल्या. मग मूठ उघडून त्यांनी रोटर कर्नलांपुढे धरला.

"बसवा. आणि ताईच्या दारात पोचलो की काढून माझ्याकडे द्या. चोरांचा काही भरवसा नाही, आणि मला तिथे चांगलं आठवडाभर राहायचंय."