ह्यांच्या नव्या चपला

हे अंथरुणाला खिळले, त्या आठवड्यात मी ह्यांच्यासाठी नव्या चपला आणून पलंगाखाली ठेवल्या. "बरा झालो की घालीन," हे म्हणाले. कमरेखालचं अंग तेव्हाच लुळं पडलं होतं. पुढची सहा वर्षं साधी कूस बदलायलाही मी लागायचे. "बायको कसली, क्रेन आहेस तू," म्हणून हसायचे. माझ्यापासून ह्यांचं काही लपलेलं नव्हतं.

ह्यांना जाऊन महिना झाला. महिनाभर कुलूप लावलेली ह्यांची खोली आज मी आणि मुलगी आवरायला बसलो. ती पलीकडच्याच गल्लीत राहते. चपला कुणाला तरी देऊन टाकू म्हणून मी बाहेर ओढल्या आणि उलटून पाहिल्या.

टाचा बाहेरच्या बाजूने झिजल्या होत्या. ह्यांची चाल तशीच होती. तळाच्या खाचांत बारीक खडी रुतली होती. माझं आयुष्य प्रयोगशाळेत गेलं आहे, म्हणून भिंग आणून पुन्हा पाहिलं. खडीच होती.

"ह्या कुणी वापरल्या गं?"

मुलगी उशांचे अभ्रे काढत राहिली. "बाबाच की. दुपारी तुझा डोळा लागला की माझ्याकडे यायचे."

"आणि तू मला..."

"आईला सांगू नकोस म्हणायचे. तिच्या हातून तेवढा वेळ तरी सुटतो मी, म्हणायचे."

मी चपला पिशवीत घातल्या आणि घट्ट गाठ मारली.

"देऊ नकोस, आई," ती हळूच म्हणाली. "काल अनवाणी आले होते."