तीन अंशांचा फरक

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वर्कशॉपमध्ये बाबांना कोणी मशीनला हात लावू देत नव्हतं. त्यामुळे लेकीने रेघ मारलेली फिरती चकती समोर ठेवली, तेव्हा ही आपलीच परीक्षा, असं त्यांनी गृहीत धरलं. चकतीखाली चुंबक, चुंबकाखाली सेन्सर, आणि मायक्रोकंट्रोलरच्या छोट्या स्क्रीनवर कोन.

“ही रेघ टेबलाच्या कडेशी पंचेचाळीस अंशांत लावा.”

बाबांनी नुसत्या नजरेने लावली. स्क्रीनवर बेचाळीस आले.

“आता अर्धा फेरा पुढे.”

दोनशे पंचवीस यायला हवे होते, दोनशे अठ्ठावीस आले.

“एकीकडे तीन कमी, दुसरीकडे तीन जास्त,” बाबा म्हणाले. “माझं चुकलं असतं तर दोन्हीकडे सारखंच चुकलं असतं. तुझा चुंबक मध्यावर बसलेला नाही. काढ तो.”

तिने चुंबक केसभर सरकवून पुन्हा चिकटवला. बाबांनी पुन्हा रेघ लावली. पंचेचाळीस. अर्ध्या फेऱ्यानंतर दोनशे पंचवीस.

“झालो ना पास?”

तिने वही त्यांच्यापुढे सरकवली. वर कालची तारीख होती. त्याखाली लिहिलं होतं: ‘चाचणी कोणाची: सेन्सरची. कशाशी ताडून पाहायचं: बाबांच्या नजरेशी.’